अष्टपैलूपणाच्या कौतुकाआडचे बंद दरवाजे

एखाद्या कलावंताने आयुष्यात पाच-सहा वेगवेगळी कामे केली की आपण त्याला 'अष्टपैलू' ठरवून मोकळे होतो. सत्कार होतो, शाल आणि पुष्पगुच्छ दिला जातो, गौरवपत्रात विशेषणांची रांग लागते. मात्र ही कामे त्याने हौसेने केली, की एक दरवाजा तोंडावर बंद झाला म्हणून दुसरा ठोठावला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. न्यायालयात साक्षीपुरावे वाचण्याची सवय लागलेल्या माणसाला कागदावर जे आहे त्यापेक्षा जे नाही ते आधी खुपते. म्हणूनच अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकार मेलबा लिस्टन यांची कारकीर्द पाहताना त्यांना चिकटवलेल्या विशेषणांपेक्षा त्या विशेषणांमागचा इतिहास आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मेलबा लिस्टन हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. खुद्द अमेरिकेतही जाझ संगीताच्या जाणकारांपलीकडे ते पोहोचलेले नाही. त्या ट्रॉम्बोन वाजवीत. ट्रॉम्बोन म्हणजे पितळेचे लांबलचक वाद्य. त्याची नळी हाताने पुढे-मागे सरकवून सूर बदलायचा असतो. मोठ्या लग्नाच्या वरातीतील बँडमध्ये अनेकांनी ते पाहिले असेल. जाझ हे विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरातील कृष्णवर्णीय वस्त्यांतून आकाराला आलेले संगीत. या संगीतात मेलबा लिस्टन यांनी ट्रॉम्बोनवादक, संगीत संयोजक, संगीतकार, वाद्यवृंदाच्या प्रमुख आणि शिक्षिका अशा सर्व भूमिका पार पाडल्या. त्यांचा जन्म १९२६ चा, म्हणजे २०२६ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होय.

आपल्या चळवळीच्या वाचकांनी हे कशासाठी वाचायचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते कालपरवाचे नाही. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे आपली कैफियत मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहून त्या निवेदनाची विचारणा केली होती. ड्यू बॉइस यांनीही त्याच जुलै महिन्यात आपुलकीने उत्तर पाठवले. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. त्या लढ्यातील पुढाऱ्यांची नावे आपल्या कार्यकर्त्यांच्या ओठांवर आहेत. परंतु त्या समाजातील बाईने कलेच्या क्षेत्रात एकाच वेळी वर्ण आणि लिंग या दोन भिंतींशी कशी झुंज दिली, ही माहिती आपल्यापर्यंत पोहोचली नाही. ती पोहोचवणे आम्ही आवश्यक समजतो.

मेलबा यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. सात वर्षांच्या असताना त्यांच्या नजरेस ट्रॉम्बोन पडला आणि हेच वाद्य हवे, असा त्यांनी हट्ट धरला. मुलीने फार तर पियानो शिकावा, गाणे म्हणावे, ही त्या काळची रीत. पितळी वाद्ये पुरुषांची समजली जात. त्यातून ट्रॉम्बोन असा की सात वर्षांच्या मुलाचा हात नळीच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतही नाही. आईने रीत पाहिली नाही, लेकीची ओढ पाहिली आणि वाद्य घेऊन दिले. सुरुवातीचे धडे मेलबांनी बऱ्याच अंशी स्वतःच गिरवले. गिटार वाजवणाऱ्या आजोबांनी साथ दिली. आठव्या वर्षी स्थानिक रेडिओवर त्यांचे वादन झाले. आर्थिक मंदीने अमेरिका होरपळत असताना एका कृष्णवर्णीय आईने घेतलेला तो निर्णय आम्हाला एखाद्या सत्याग्रहाइतका मोलाचा वाटतो.

१९३७ मध्ये हे कुटुंब लॉस एंजेलिसला आले. तेथे अल्मा हायटॉवर नावाच्या कृष्णवर्णीय शिक्षिका वस्तीतील मुलामुलींचे संगीत पथक चालवीत. त्यांच्या हाताखाली मेलबा तयार झाल्या. पुढे जगभर गाजलेला सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन हा त्यांच्याच पिढीचा, त्याच शहरातला. मोठ्या संगीत महाविद्यालयांनी न घडवलेली ही पिढी वस्तीतल्या शिक्षकांनी घडवली, याची नोंद घेतली पाहिजे.

१९४२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी मेलबा लिंकन थिएटरच्या वाद्यवृंदात रुजू झाल्या. या नोकरीसाठी संगीतकारांच्या कामगार संघटनेचे सभासद व्हावे लागे. आणि येथे पहिला बंद दरवाजा लागतो. लॉस एंजेलिसमध्ये या एकाच संघटनेच्या दोन शाखा होत्या : ४७ क्रमांकाची गोऱ्यांची आणि ७६७ क्रमांकाची कृष्णवर्णीयांची. चित्रपट स्टुडिओ आणि रेडिओ यांची चांगल्या मोबदल्याची कामे प्रामुख्याने गोऱ्यांच्या शाखेकडे जात. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या संघटनेच्या पोटात वर्णभेदाची भिंत उभी होती. पुढे कृष्णवर्णीय आणि काही पुरोगामी गोऱ्या वादकांनी चळवळ करून १९५३ मध्ये या दोन शाखा एक केल्या. गिरणगावातील खात्यांत कोणाला कोणत्या कामापासून दूर ठेवले जाई, हे ज्यांच्या घरात आजही सांगितले जाते, त्यांना या दोन क्रमांकांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

लिंकन थिएटरमध्येच मेलबा संगीत लिहू लागल्या. १९४४ च्या सुमारास त्या जेराल्ड विल्सन यांच्या वाद्यवृंदात गेल्या. तेथे वादनाबरोबर संयोजनाचे शिक्षण चालूच राहिले. १९४७ मध्ये डेक्स्टर गॉर्डन यांच्याबरोबर त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्सन यांचा वाद्यवृंद मोडला, तेव्हा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी या दोघांनाही आपल्याकडे घेतले. त्या काळातील सर्वांत आधुनिक, सर्वांत अवघड जाझ ज्या वाद्यवृंदात वाजत होते, तेथे बावीस वर्षांची ही तरुणी ट्रॉम्बोनच्या रांगेत बसली. आता यापुढे मार्ग मोकळा, असे कोणालाही वाटेल.

परंतु व्यवस्था इतक्या सहजासहजी मार्ग मोकळा करीत नाही. १९४९ मध्ये मेलबा सुप्रसिद्ध गायिका बिली हॉलिडे यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या दौऱ्यावर गेल्या. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य करून वर्णभेदाला कायद्याचा आधार दिला होता. शाळांपुरते ते तत्त्व मोडीत निघायला १९५४ साल उजाडले आणि हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे यांचे दरवाजे कायद्याने उघडायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. १९४९ च्या दक्षिणेत कृष्णवर्णीय वादकांना जेवायला कोठे मिळेल, झोपायला कोठे मिळेल, याचीही शाश्वती नव्हती. दौरा साफ कोसळला. प्रेक्षक आले नाहीत, पैसे संपले, वादक परक्या मुलखात अडकून पडले. मेलबा कशाबशा घरी परतल्या.

त्यात त्या बाई होत्या. पुरुषांनी भरलेल्या बसमधून, रात्री-अपरात्री, गावोगाव होणाऱ्या प्रवासात आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, हे त्यांनी पुढे स्वतः मुलाखतींत सांगितले. अत्याचार करणारे बाहेरचे गोरेच होते, असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय त्यांनी कोणालाही ठेवली नाही. शोषित समाजातील पुरुषही आपल्याच समाजातील बाईचे शोषण करू शकतो. आपल्या समाजातील भगिनी हे सांगत आल्या आहेत आणि आपल्यापैकी अनेकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आहे.

घरी परतल्यावर मेलबांनी काय केले? त्यांनी ट्रॉम्बोन बाजूला ठेवला आणि लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी पत्करली. काही वर्षे हीच नोकरी. जोडीला हॉलिवूडच्या चित्रपटांत किरकोळ भूमिका. १९५५ चा 'द प्रॉडिगल' आणि १९५६ चा 'द टेन कमांडमेंट्स' हे त्यांतले दोन. चरित्रकोशांत या काळाचे वर्णन मोठ्या कौतुकाने येते : 'त्यांनी चित्रपटांतही काम केले!' आमचे म्हणणे एवढेच की, गिलेस्पींच्या रांगेत बसण्याची पात्रता असलेली वादक टेबलावर फायली पुढे ढकलीत होती. याला विविधता म्हणायचे असेल, तर वेठबिगाराच्या कष्टांनाही विविधता म्हणावे लागेल.

१९५६ मध्ये गिलेस्पींनी त्यांना परत बोलावले. अमेरिकेचे परराष्ट्र खाते प्रथमच जाझ वाद्यवृंद सरकारी खर्चाने परदेशी पाठवीत होते. शीतयुद्धाचा काळ. अमेरिकेत वर्णभेद आहे, हा सोव्हिएत रशियाचा आरोप नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत पटत होता, कारण तो खरा होता. तो पुसून काढण्यासाठी गोरे आणि कृष्णवर्णीय असा मिश्र वाद्यवृंद जगाला दाखवायचा होता. कराची, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील ढाका, बैरूत, दमास्कस, अंकारा, इस्तंबूल, अथेन्स असा हा दौरा झाला. त्याच वेळी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय जनता वर्णभेदी बससेवेवर बहिष्कार टाकून मैलोन्मैल पायी कामावर जात होती. ज्या सरकारने परदेशात या वादकांना समतेचे दूत म्हणून मिरवले, त्या सरकारच्या देशात ते दूत बसमध्ये हव्या त्या जागी बसू शकत नव्हते.

मेलबांना या दौऱ्यासाठी वाद्यवृंदाकरिता संगीत लिहून आणायला सांगितले होते. बाई कशाला आणली, म्हणून काही पुरुष वादकांनी कुरकुर केली. गिलेस्पींनी वाद घातला नाही. मेलबांनी लिहिलेले कागद वाटले आणि वाजवायला सांगितले. कुरकुरणाऱ्यांना ते पहिल्या फटक्यात जमले नाही, आणि मग बोलायचे कारणच उरले नाही. ही हकिगत नेहमी विनोद म्हणून सांगितली जाते. आम्हाला तिच्यात दोन गोष्टी दिसतात. पुरुष वादकाला रांगेत बसण्यासाठी चांगले वाजवणे पुरेसे होते. बाईला मात्र तिथे बसण्याचा अधिकार सिद्ध करण्यासाठी इतरांना न झेपणारे लिहून दाखवावे लागले. आणि दुसरे असे की, न्याय झाला तो गिलेस्पी या एका माणसाच्या मनात होता म्हणून. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर मेलबांना विमानतळावरूनच परत फिरावे लागले असते. कोणाच्या भलेपणावर अवलंबून असलेला न्याय म्हणजे हक्क नव्हे, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

त्या दौऱ्यात गावोगावच्या स्त्रिया कार्यक्रमानंतर मेलबांना गाठून विचारीत की, तुम्ही बाई असून, एकट्या, एवढ्या लांब कशा फिरता? मेलबांनी ही आठवण पुढे सांगितली आहे. अमेरिकी सरकारच्या हेतूत हा प्रश्न बसत नव्हता. परंतु सरकारी प्रचारापेक्षा त्या स्त्रियांच्या त्या प्रश्नाचे मोल आम्ही अधिक मानतो.

यानंतरची चार-पाच वर्षे भरभराटीची गेली. १९५८ च्या अखेरीस 'मेलबा लिस्टन अँड हर बोन्स' ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. 'बोन्स' म्हणजे ट्रॉम्बोन. १९५९ मध्ये क्विन्सी जोन्स यांच्या वाद्यवृंदातून त्या एका संगीत नाटकाबरोबर युरोपात गेल्या. नाटक १९६० मध्ये पॅरिसला बंद पडले, तरी वाद्यवृंद काही महिने युरोपभर फिरत राहिला. आणि याच सुमारास पियानोवादक रँडी वेस्टन यांच्याबरोबर त्यांचे काम सुरू झाले. ते पुढे अनेक दशके टिकले.

या कामातील सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे 'उहुरू आफ्रिका'. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. १९६० या एकाच वर्षी आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये हे ध्वनिमुद्रण झाले. त्यासाठी शब्द लिहिले थोर कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज यांनी, रचना वेस्टन यांच्या आणि वीसहून अधिक वादकांसाठी संपूर्ण संयोजन मेलबा लिस्टन यांचे. आफ्रिकी ढोल, जाझची पितळी वाद्ये आणि मानवी आवाज यांना एकत्र आणून एका खंडाच्या स्वातंत्र्याचा उत्सव या संगीताने केला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णवर्चस्ववादी सरकारने १९६४ मध्ये त्यावर बंदी घातली. संगीताला सत्ता घाबरते, याचा याहून अधिक पुरावा कशाला हवा?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. संयोजक नेमके काय करतो? संगीतकार एक चाल देतो. ती पियानोवर दोन हातांनी वाजवता येते किंवा नुसती गुणगुणताही येते. ती वीस जणांनी वाजवायची तर कोणत्या वाद्याने कोठे प्रवेश करायचा, कोणी कोणता सूर धरायचा, कोणी गप्प राहायचे, एकट्या वादकाला मोकळे कोठे सोडायचे आणि त्याच्या पाठीमागे बाकीच्यांनी काय करायचे, हे सगळे कोणीतरी कागदावर लिहावे लागते आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचे पान ठेवावे लागते. श्रोत्याला जे भव्य वाटते, त्यातले बरेचसे संयोजकाच्या डोक्यातून आलेले असते. ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर मात्र ठळक नाव वेस्टनचे, जोन्सचे, मिल्ट जॅक्सनचे. पुढे साठच्या दशकात मोटाऊन या प्रख्यात कंपनीच्या गायकांसाठीही मेलबांनी संयोजन केले. ती गाणी ऐकणाऱ्या लाखोंना हे नाव कळलेही नसेल. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत प्रमुख म्हणून स्वतःच्या नावाची त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली ती एकच, वर सांगितलेली १९५८ ची. वेस्टन यांनी मेलबांचे श्रेय आयुष्यभर जाहीरपणे दिले, हे नमूद केलेच पाहिजे. पण पुन्हा तेच : तो वेस्टन यांचा चांगुलपणा होता.

कायदा येथे कोठे उभा आहे? संयोजकाला ठरावीक रक्कम द्यायची आणि व्यवहार संपवायचा, हा अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाचा रिवाज. गाणे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी मानधनाचा ओघ गीतकार, चाल बांधणारा आणि प्रकाशक यांच्याकडे, संयोजकाकडे नाही. दुसऱ्याच्या प्रसिद्ध गाण्याचे परवान्याने नव्याने ध्वनिमुद्रण करताना केलेल्या संयोजनाला मूळ हक्कधारकाच्या स्पष्ट संमतीखेरीज स्वतंत्र संरक्षण नाही, असे आजचा अमेरिकी कायदाही म्हणतो.

आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेचे संयोजन हे 'रूपांतर' समजले जाते आणि रूपांतराचा अधिकार मूळ रचनेच्या मालकाकडे असतो. याची झळ कोणाला बसली, हे मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीचा इतिहास सांगतो. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे अँटोनियो झेवियर वाझ, हे मूळचे गोव्याचे संगीतकार. गोव्यातील चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या या पिढीने मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवले आणि स्टुडिओत संगीत दिग्दर्शकांच्या चालींना वाद्यवृंदाचा साज चढवला. पडद्यावर नाव झळकले ते संगीत दिग्दर्शकाचे. ज्यांनी शेकडो पाने लिहिली, त्यांची नावे अभ्यासकांना अलीकडे शोधून काढावी लागली. लॉस एंजेलिस असो की दादर, हातात लेखणी असणाऱ्याचे नाव गाळण्याची रीत एकच दिसते.

२०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातील गीताच्या गीतकाराला आणि संगीतकाराला मानधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क आता कोणाला विकूनही टाकता येत नाही. सादर करणाऱ्या कलावंतालाही आपल्या नावाची नोंद मागण्याचा हक्क मिळाला. हे स्वागतार्ह आहे. मात्र याच कायद्यातील एक तरतूद वाचून आम्ही थबकलो. चित्रपटातील ज्या कलावंताचे सादरीकरण किरकोळ किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि उद्योगाच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेच येत नाही, तो काही अपवाद वगळता कायद्याच्या दृष्टीने 'कलावंत' ठरत नाही! आधी रिवाजाने नाव गाळायचे आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाकारायचा. रिवाजाला कायद्याची जागा दिली की काय होते, हे आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षे भोगले आहे.

तरीही कायद्यात कलावंताच्या हाती काही आहे आणि ते त्याला माहीत हवे. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचा असावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. चाल स्वरलिपीत लिहिलेली नसली, तरी ती बांधणारा हा कायद्याने संगीतकारच ठरतो. नोकरीत असताना केलेल्या कामाचे नियम वेगळे आहेत, ते तपासून घ्यावेत. आमच्या वकिलीच्या काळात असे गायक, वादक आमच्याकडे आले आहेत की ज्यांची गाणी प्रत्येक जयंतीला लाउडस्पीकरवर वाजतात आणि ज्यांच्या हाती एकही कागद नाही. 'सही केली होती का?' असे विचारले तर आठवत नाही. एका बैठकीची बिदागी मिळाली, एवढेच आठवते. कॅसेट गेली, सीडी गेली, आता मोबाइल आला. माध्यम बदलले, कलावंताच्या हातातील कोरा कागद बदलला नाही.

मेलबा लिस्टन यांच्या आयुष्यातील अखेरचा मोठा टप्पा शिक्षिकेचा. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील तरुणांच्या वाद्यवृंदांबरोबर काम केले. १९६५ मध्ये पोलिसी दडपशाहीतून उसळलेल्या उद्रेकाने हाच भाग होरपळला होता. १९७३ मध्ये त्या जमैकाला गेल्या. इंग्रजांच्या गुलामीतून १९६२ मध्ये मुक्त झालेला, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा हा बेटवजा देश. तेथील विद्यापीठात आणि जमैका स्कूल ऑफ म्युझिक या संस्थेत त्यांनी १९७९ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या संगीताचे शिक्षण दिले, त्यासाठीचा विभाग सांभाळला. 'स्माइल ऑरेंज' या जमैकन चित्रपटाला १९७६ मध्ये संगीतही दिले. जी कला त्यांना वस्तीतल्या बाईंनी दिली होती, ती त्यांनी दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या देशात नेऊन पेरली. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत मुखपृष्ठावर न आलेले नाव जमैकातील विद्यार्थ्यांच्या तोंडी 'आमच्या शिक्षिका' म्हणून आले असेल, तर तो लहान सन्मान नव्हे.

१९७९ मध्ये कॅन्सस सिटीतील महिला जाझ महोत्सवाने त्यांना परत बोलावले. ज्या शहरात त्यांचा जन्म झाला, तेथेच पन्नाशी ओलांडल्यावर त्या पुन्हा ट्रॉम्बोन घेऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःचा वाद्यवृंद उभारला. सुरुवातीला केवळ स्त्रियांचा, पुढे मिश्र. १९८५ मध्ये पक्षाघाताने अर्धे अंग लुळे पडले. ट्रॉम्बोन कायमचा सुटला. पण लेखणी सुटली नाही. संगणकाच्या साहाय्याने त्या पुन्हा संगीत लिहायला शिकल्या. १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला संस्थेने जाझमधील सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. १९९१ मध्ये रँडी वेस्टन यांच्या 'द स्पिरिट्स ऑफ अवर अॅन्सेस्टर्स' या ध्वनिमुद्रिकेचे संयोजन त्यांनी केले. त्यात पाहुणे वादक होते डिझी गिलेस्पी. २३ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिस येथे, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही कारकीर्द पाहिल्यावर 'अष्टपैलू' म्हणून टाळ्या वाजवणे आम्हाला अपुरे वाटते. त्यांनी जे जे शिकून घेतले, त्यामागे त्यांची बुद्धी आणि जिद्द होती, यात शंका नाही. परंतु कारकुनी त्यांनी हौसेने केली नाही. नाव न येणारे काम त्यांनी निवडले नाही, त्यांच्या वाट्याला तेच ठेवले गेले होते. जिद्दीचे कौतुक करताना ती जिद्द खर्च करायला लावणाऱ्या व्यवस्थेला मोकळे सोडता कामा नये. अन्यथा उद्या कोणीही म्हणेल की, बघा, खरी गुणवत्ता असली की दरवाजे आपोआप उघडतात. ही भाषा आपण आरक्षणविरोधकांच्या तोंडून पुष्कळ ऐकली आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, परक्या देशातील बाईची कहाणी वाचून हळहळ व्यक्त करायची आणि पान उलटायचे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच नाही. आपल्या गायन पार्ट्या, जलसे, बँडपथके यांत आजही स्त्री गाते आणि पुरुष वाजवतात. ढोलकी, क्लॅरिओनेट, ऑर्गन आपल्या मुलींच्या हाती कधी देणार? कार्यक्रमाच्या फलकावर गायकाचा मोठा फोटो असतो; त्याखाली वादकांची, चाल बांधणाऱ्याची आणि गीत लिहिणाऱ्याची नावे छापायला किती शाई लागते? जयंती मंडळांनी येत्या कार्यक्रमापासून एवढे तरी करावे : प्रत्येक कलावंताचे नाव फलकावर आणि मंचावरून, प्रत्येकाशी दोन ओळींचा का होईना लेखी करार, आणि त्या कराराची एक प्रत कलावंताच्या हाती. ज्या मंडळात वकील कार्यकर्ते आहेत, त्यांनी असा मसुदा विनामूल्य तयार करून द्यावा. आम्ही आमच्यापुरती ती तयारी ठेवली आहे.

आणि वस्तीत एखादी सात वर्षांची मुलगी वरातीतल्या त्या लांब नळीच्या वाद्याकडे टक लावून पाहताना दिसली, तर 'ते मुलींचे काम नाही' असे म्हणणाऱ्याला आधी गप्प करावे. मग तिच्या आईशी बोलावे.